दाभोळ आणि अंजनवेल : एका ओसरलेल्या बंदराचे दोन तीर

रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा दुर्गांनी भरलेला आहे, आणि त्या दुर्गांकडे जाणारा मराठी प्रवासी बहुधा मनात आधीच काही ठरवून निघालेला असतो. सुवर्णदुर्गावर त्याला आंग्र्यांच्या आरमाराच्या खुणा हव्या असतात, रत्नदुर्गावर भगवतीचे दर्शन घ्यायचे असते, आणि जयगडाच्या बुरुजावर उभे राहून शास्त्रीच्या मुखाकडे पाहायचे असते. त्याला अभिप्रेत असलेला इतिहास सतराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होतो. त्यापूर्वीची सुमारे तीनशे वर्षे, ज्यांत हा सारा मुलूख प्रथम बहमनी आणि पुढे आदिलशाही अंमलाखाली होता, ती तो 'परकीय राजवट' एवढ्या दोन शब्दांत उरकून टाकतो. परंतु ज्या काळात दक्षिण कोकणाला एकच नाव साऱ्या पश्चिम समुद्रावर ठाऊक होते तो काळ नेमका हाच, आणि ते नाव दाभोळ हे होते. होर्मुझचा सौदागर, मक्केचा नाखुदा, फारसी तवारीखकार आणि दूरच्या रशियातून आलेला एक वाट चुकलेला व्यापारी, या सगळ्यांच्या लिखाणात किंवा हिशेबात ते येते. आज त्या शहराचे अवशेष पाहावयास जाणाऱ्याला मात्र शहर असे काही सापडत नाही. वाशिष्ठीच्या मुखाच्या दक्षिण तीरावर एक भक्कम कोट सापडतो ज्यात माणसे राहत नाहीत, आणि उत्तर तीरावर एक गाव सापडते ज्याला कोट नाही. त्या गावाच्या माडांत एक मशीद उभी आहे, जी त्या गावाच्या मानाने फारच मोठी आहे.

या रचनेचा विचार करताना आधी भूगोल पाहिला पाहिजे, कारण दाभोळच्या भाग्याचा आणि दुर्भाग्याचा बराचसा उलगडा त्यातच आहे. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, चिपळुणाशी येते, आणि तेथून समुद्रापर्यंत ती नदी न राहता खाडी होते. भरतीचे पाणी थेट गोवळकोटापर्यंत चढते, आणि त्या पाण्यावर मचवे व पडाव चिपळुणाच्या उंबरठ्यापर्यंत माल पोहोचवीत. चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढला की हेळवाक, मग पाटण, मग कऱ्हाड, आणि कऱ्हाडच्या पुढे सपाटीवरून बैलांचे तांडे विजापुरापर्यंत किंवा त्याहून दूर बिदरपर्यंत जात. म्हणजे दाभोळ हे समुद्राला टेकलेले असले तरी त्याचे पोट घाटावर होते. कोकणात खाड्या पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक खाडीच्या मुखाशी कोणते ना कोणते बंदर आहे. परंतु ज्या खाडीच्या माथ्याशी बऱ्यापैकी चालता घाट आणि त्या घाटाच्या पलीकडे एखादी सल्तनत, असा योग ज्यांच्या वाट्याला आला अशी बंदरे मोजकीच, आणि दाभोळ हे त्यांतील अग्रगण्य.

मी प्रथम दक्षिण तीरावर गेलो. अंजनवेलचा कोट, ज्याला पुढे गोपाळगड हे नाव मिळाले, तो गुहागर तालुक्यात खाडीच्या तोंडाशी एका भूशिरावर आहे. जमिनीच्या अंगाने कोटाकडे जाताना पहिला धक्का खंदकाचा बसतो. जांभ्याच्या खडकात खोदलेला हा खंदक आज करवंदीच्या जाळ्यांनी आणि रानटी वेलींनी निम्मा भरला असला तरी त्याची रुंदी आणि खोली पाहून, समुद्राकडून येणाऱ्या शत्रूपेक्षा जमिनीकडून येणाऱ्या शत्रूची धास्ती बांधणाऱ्याला अधिक होती, हे चटकन ध्यानी येते. समुद्राच्या बाजूचे काम त्याने बहुतांशी निसर्गावर सोपविले. तटाच्या भिंती जांभा आणि काळा दगड यांच्या आहेत. त्यांच्या सांध्यांत पावसाळ्यानंतर नेचे उगवतात आणि उन्हाळ्यात तेथेच करपून जातात, आणि त्यामुळे भिंतीवर दरवर्षीचा एक काळपट थर साचत जातो. दरवाज्यातून आत गेल्यावर देवड्या दिसतात. त्यांच्या उंबऱ्याच्या कडा, जेथे पहारेकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या ये-जा झाली, त्या झिजून गोलसर झालेल्या आहेत, आणि हाताने चाचपल्याशिवाय ते कळत नाही. आत मात्र तोफखाना, कोठार, सदर यांची अपेक्षा घेऊन गेलेल्या माणसासमोर आंब्याची बाग उभी राहते. गड खाजगी मालकीत गेला, त्यात कलमे लागली, आणि मोहोराच्या दिवसांत फांद्यांवर पिके राखणारी माणसे फिरू लागली. ऐतिहासिक वास्तूंच्या चाहत्यांना याचा राग येतो, आणि तो अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. तथापि गेल्या दोनशे वर्षांत या कोटाचा कोणाला काही प्रत्यक्ष उपयोग झाला असेल तर तो याच कलमांमुळे, हेही तितकेच खरे.

कोटाची मालकी ज्या क्रमाने बदलली तो क्रम म्हणजे कोकणच्या राजकारणाचा संक्षेपच आहे. विजापूरकरांनी सोळाव्या शतकात तो बांधला. शिवाजी महाराजांनी तो घेऊन अधिक मजबूत केला. राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात, १६९९ साली, जंजिऱ्याच्या सिद्दी खैर्यतखानाने तो जिंकला. त्याच्या वारसांकडून १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्याने घेतला आणि त्याला गोपाळगड म्हटले. दहा-अकरा वर्षांत तुळाजीचाच निःपात झाल्यावर तो पेशव्यांकडे आला. आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला. सत्ता बदलत गेल्या, पण त्या साऱ्यांचा हेतू एकच होता : खाडीत कोण शिरतो यावर नजर ठेवावी आणि त्याच्याकडून जकात घ्यावी. गमतीची गोष्ट अशी की, जसजसा कोट बळकट होत गेला तसतसे खाडीत शिरणारे तारू कमी होत गेले. अठराव्या शतकात ज्या हिरिरीने सिद्दी आणि आंग्रे या मुखासाठी भांडले त्या हिरिरीने भांडण्याजोगा व्यापार त्या वेळी तेथे उरला नव्हता.

हा विरोध लक्षात ठेवून नंतर धोपाव्याहून फेरीबोटीत बसून पलीकडे जावे. पूर्वी आगबोटी थांबत तेव्हा हीच खाडी होड्यांनी गजबजलेली असे. आता मोटारी आणि दुचाक्या घेऊन पलीकडे जाणारी ही फेरी दाभोळचे मुख्य दळणवळण आहे. उतरल्यावर समोर बाजाराची एक लांबोळकी आळी लागते. तिच्या मागे टेकडी चढत जाते, आणि टेकडीच्या उतारावर घरे, मोहल्ले, जुन्या कबरी आणि चिरेबंदी जोत्यांचे अवशेष एकमेकांत मिसळून गेले आहेत. जी जोती नव्या घरांच्या पायाला लागली नाहीत ती गवतात आहेत. शहराचा नकाशा त्यांवरून काढता येत नाही; तो काढावयाचा तर प्रवाशांच्या वृत्तांतांची आणि तवारिखांची मदत घ्यावी लागते.

तवारिखांत दाभोळ बहुधा मुस्तफाबाद या नावाने येते. बहमनी सुलतान फिरोजशाह, ज्याचे राज्यारोहण १३९७ साली झाले, तो दरवर्षी पश्चिम किनाऱ्यावरून आपली जहाजे परदेशी पाठवीत असे, आणि दुर्मीळ जिनसांबरोबरच विद्वान माणसेही घेऊन यावी असा त्याचा हुकूम असे, हे तवारीखकार फिरिश्ता लिहितो. विद्वत्ता आयात करण्याचा हा कारभार विलक्षण वाटतो; पण त्याची फळे पुढे दाभोळच्याच बंदरात उतरली. गिलानचा एक चाळिशी ओलांडलेला सौदागर, ज्याला आपण महमूद गावान म्हणून ओळखतो, तो १४५३ च्या सुमारास दाभोळास उतरला. व्यापार करावा आणि बिदरच्या सूफी सत्पुरुषाचे दर्शन घ्यावे एवढाच त्याचा मूळ मनोदय होता. प्रत्यक्षात तो बहमनी राज्याचा वजीर झाला, बिदरला त्याने मदरसा उभारला, आणि ज्या कोकणात तो व्यापारी म्हणून उतरला होता त्याच कोकणावर त्याने खेळणा गडापासून गोव्यापर्यंत मोहीम केली. त्याच्यानंतर काही वर्षांनी, पुन्हा फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे, होर्मुझहून निघालेला एक तरुण याच बंदरात आला. तो पुढे यूसुफ आदिलशाह झाला आणि विजापूरच्या घराण्याचा मूळपुरुष ठरला. या तरुणाला तुर्की सुलतानाच्या वंशातला ठरविण्याची जी कथा आहे ती दरबारी इतिहासकारांनी कौतुकाने रंगविली आहे आणि तिच्यावर भरवसा ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या प्रवासाचा अखेरचा टप्पा दाभोळ असणे हे मात्र अगदी स्वाभाविक आहे, कारण त्या काळी दक्षिणेत नशीब काढावयास येणाऱ्या परदेशी माणसाला असे जवळचे दरवाजे मोजकेच होते.

याच दशकांत रशियातील त्वेर नगरचा अफनासी निकितिन हिंदुस्थानात हिंडत होता. तो चौलला एक घोडा घेऊन उतरला होता. हा घोडा म्हणजे त्याचे सारे भांडवल, आणि जुन्नरच्या खानाने तो हिरावून घेऊन 'आमचा धर्म स्वीकार, मग घोडाही मिळेल आणि वर धनही' असा पेच घातला, ही त्याच्या वृत्तांतातील हकिगत प्रसिद्ध आहे. बिदर पाहून, दक्षिणेची बहुतेक बाजारपेठ पालथी घालून, आपल्या देशात विकण्याजोगा माल येथे नाही अशी खंत करीत तो परतीला निघाला तो दाभोळहून. दाभोळ हे फार मोठे बंदर असून मिसर, अरबस्तान, खुरासान या मुलुखांतून घोडे येथे येतात, असे तो लिहून ठेवतो. एका घोड्याच्या पायी ज्याने इतका मनस्ताप भोगला त्या माणसाच्या नजरेला बंदरात आल्यावर प्रथम घोडेच दिसावेत यात आश्चर्य नाही. पण त्याने पाहिले ते चुकीचे नव्हते.

दाभोळचे खरे धन घोडा हेच होते. दक्षिणेच्या हवेत चांगल्या जातीच्या घोड्यांची पैदास टिकत नसे; इकडे बहमनी सुलतान आणि विजयनगरचे राय यांच्या वैराने घोडदळाची भूक कधीच शमत नव्हती. त्यामुळे अरबी घोडे ही तेथील राज्यांना निकडीची वस्तू होती, आणि ती निकड भागवण्याचा मार्ग समुद्रावरून होता. घोड्याची ने-आण करणे म्हणजे पोत्यांची ने-आण करणे नव्हे. उथळ पाण्याच्या मुखातून तारू आत आणावयाचे, प्रवासात खंगलेले जनावर शिडीवरून किंवा पाण्यात लोटून किनाऱ्याला लावायचे, चारा आणि गोडे पाणी तयार ठेवायचे, त्याला पुन्हा उभे करायचे, मोतद्दारांच्या स्वाधीन करून घाट चढवायचा, आणि हे सारे मोसमी वाऱ्यांच्या बांधलेल्या काळात उरकायचे. एका वाऱ्यावर जहाज येते, दुसऱ्या वाऱ्यावर परत जाते. मधल्या काळात सौदागर बंदरात अडकून पडतो, घर भाड्याने घेतो, कर्ज देतो-घेतो, लग्नही करतो. किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान कुटुंबांच्या आडनावांत नाखवा, तांडेल, मुकादम अशी नावे अजून आढळतात ती या दर्यावर्दी कारभाराची आठवण आहे. मुसलमानी वस्ती तलवारीच्या जोरावर कोकणात आली हे जितक्या सहज बोलले जाते तितक्या सहज ही गोष्ट बोलली जात नाही की, किनाऱ्यावरील वस्तीचा पाया बहुतांशी व्यापाऱ्याने आणि खलाशाने घातला, आणि सुलतानांचे अंमलदार पुष्कळ उशिरा आले.

व्यापाराच्या पाठोपाठ त्यावर हात टाकणारेही येतात. बहमनी सत्ता ढासळू लागली तेव्हा बहादूर गिलानी नावाच्या सरदाराने गोवा आणि दाभोळ दाबून एक स्वतंत्र समुद्री सत्ताच उभारली, आणि गुजरातच्या जहाजांना लुटून तेथील सुलतान महमूद बेगड्याचा असा रोष ओढवून घेतला की, बिदरच्या दुबळ्या दरबाराला त्याच्यावर सैन्य पाठवणे भाग पडले. १४९४ मध्ये तो मारला गेला. पुढे यूसुफ आदिलशाहाच्या हाती हा प्रदेश स्थिरावला, आणि दाभोळ हे एका मोठ्या सुभ्याचे ठाणे झाले. उजाड झालेल्या गावांची लागवड पुन्हा करण्यासाठी ज्या प्रतिष्ठित माणसांना गावे सोपवली गेली त्यांतूनच कोकणच्या खोती वतनाचा उगम झाला, अशी परंपरा आहे. ती खरी असेल तर दाभोळच्या सुभेदाराने बसविलेली ती व्यवस्था १९४९ च्या कायद्यापर्यंत रत्नागिरी जिल्ह्याच्या उरावर बसून राहिली. दाभोळच्या राजवटीतून इतका दीर्घायुषी ठरलेला दुसरा अवशेष मला ठाऊक नाही, आणि तो पाहावयास कोणत्याही टेकडीवर चढावे लागत नाही.

येथून पुढची हकिगत पोर्तुगीज बखरींत सविस्तर आली आहे. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलूक सुलतानाच्या आरमाराने, ज्याचा सेनापती अमीर हुसेन होता, पोर्तुगीजांचा पराभव केला. त्यात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. मुलाच्या सूडासाठी आल्मेदा कण्णूरहून निघाला तो डिसेंबरच्या अखेरीस दाभोळासमोर आला. अमीर हुसेन दाभोळात नव्हता, तो दीवला होता. दाभोळने आल्मेदाचे काही थेट बिघडवले होते असेही नव्हे. परंतु बंदर समृद्ध होते आणि वाटेवर होते. शहराभोवती त्या वेळी लाकडी मेढेकोट आणि खंदक होता आणि तोफा होत्या. पोर्तुगीजांनी तो भेदून शहरात जी कत्तल केली तिचे वर्णन त्यांच्याच लेखकांनी संकोच न बाळगता केले आहे. बाया, मुले, गुरे यांतील कशालाही सोडले नाही, आणि मग शहर पेटविले. ही आग इतकी गाजली की, 'दाभोळवर कोसळला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर कोसळो' अशा अर्थाचा शाप किनाऱ्यावर रूढ झाला, हेही त्यांचेच लेखक अभिमानाने नमूद करतात. दाभोळ जाळून ते पुढे गेले आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या लढाईत त्यांनी अरबी समुद्रावरील वर्चस्व हस्तगत केले.

दाभोळच्या विनाशाचे वर्ष कोणते, असे विचारले तर बहुतेक जण १५०८ हेच सांगतात. हे उत्तर सोयीचे आहे, पण ते बरोबर नाही. आगीनंतर सहा-सात वर्षांतच दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज लेखक दाभोळचे वर्णन करतो. व्हाइसरॉयने ते उद्ध्वस्त केल्याचा उल्लेख करून ते पुन्हा वसल्याचे सांगतो, आणि मक्का, एडन, होर्मुझ येथील जहाजांचा, घोड्यांचा, तांबे, पारा व हिंगूळ यांच्या व्यापाराचा उल्लेख करतो. लाकूड आणि गवताचे शहर जळते तसे पुन्हा उभेही राहते, कारण घाट जागच्या जागी असतो, खाडीचे पाणी जागच्या जागी असते, आणि पलीकडच्या दरबाराला घोडे हवेच असतात. १५४७ मध्ये जुआंव द कास्त्रोने दाभोळ पुन्हा लुटले. तेव्हाही ते संपले नाही.

मग काय संपले? आल्मेदानंतर आलेला आल्बुकर्क हा त्याच्याहून निर्दय होता असे कोणी म्हणणार नाही, पण तो त्याच्याहून अधिक घातक ठरला. १५१० च्या अखेरीस त्याने गोवे कायमचे घेतले, आणि घोड्यांची जहाजे गोव्यालाच लागली पाहिजेत अशी व्यवस्था लादली. घोड्यांवरची जकात हे गोव्याच्या खजिन्याचे एक मोठे कलम झाले, आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांना आपले घोडे पोर्तुगीजांच्या मेहेरबानीवर घेणे भाग पडले. त्याच वेळी समुद्रावरील प्रत्येक जहाजाला पोर्तुगीजांचा कर्ताझ, म्हणजे परवाना, घेणे सक्तीचे झाले. आदिलशाहाला तहात काही जहाजांसाठी असे परवाने मिळत, आणि मक्केला जाणारे शाही जहाज हा सवलतीचा विषय होऊन बसला. ज्या बंदरातून सुलतानाचे जहाज दुसऱ्या राजाच्या चिठ्ठीवाचून निघू शकत नाही ते बंदर जळाल्याशिवायही ओसरत जाते. मी या मंद क्रियेला आगीपेक्षा अधिक महत्त्व देतो, आणि त्याचे कारण दाभोळच्या पुढील इतिहासात आहे.

सर हेन्री मिडल्टन हा इंग्रज कप्तान १६१२ च्या फेब्रुवारीत दाभोळास आला. त्या वेळी बंदरात काही उलाढाल होती, आणि इंग्रज कंपनी पुढे पुष्कळ वर्षे तेथे वखार मिळावी म्हणून अधूनमधून खटपट करीत राहिली. परंतु १६३८ च्या सुमारास आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो यास जे दिसले ते वेगळे होते. दख्खनचे हे एक अतिशय प्राचीन शहर, पण त्याला ना तट ना वेस. मीठ आणि मिरी यांवर जगणारे, पूर्वी आखातापर्यंत जहाजे पाठवणारे आणि आता मोजकी लहान गलबते चालवणारे. शहराला तट नसण्याची ही नोंद महत्त्वाची आहे. समोरच्या तीरावर अंजनवेलचा दगडी कोट उभा असताना शहर मात्र उघडे पडले होते. राज्याने खाडीचे मुख राखले, पण त्या मुखातून काय आत यावे याची तजवीज आता त्याच्या हाती नव्हती.

या क्षीण काळातच, किंबहुना त्याच्या अगदी शेवटी, दाभोळची शाही मशीद उभी राहिली. गावातून खाडीच्या कडेला जाताना माडांच्या शेंड्यांवरून तिचा घुमट दिसतो, मग झाडांत हरवतो, आणि एकदम समोर येतो. जोते उंच आहे, पायऱ्या चढून अंगणात गेले की हौज लागतो. पुढे तीन कमानींचे दर्शन, चारी कोपऱ्यांना मिनार आणि मध्ये एकच मोठा घुमट. घुमटाची उंची सुमारे पाऊणशे फूट सांगतात. दक्षिण कोकणात या धाटणीची, म्हणजे विजापुरी शैलीची शुद्ध म्हणावी अशी, दुसरी इमारत नाही, असा अभिप्राय १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरने दिला आहे, आणि तो अद्याप खोडून काढावा असे काही आढळलेले नाही. जवळ जाऊन पाहावे ते कमानींच्या कडेचे कोरीव काम. खाऱ्या वाऱ्याने दगडाची वरची साल काही ठिकाणी सोलून गेली आहे. पण जेथे कमानीच्या पोटात वारा पोहोचत नाही तेथे कमळाच्या पाकळ्यांची रेघ आजही इतकी धारदार आहे की, पाथरवटाची छिन्नी कोणत्या बाजूने चालली हे बोटाने सांगता येते. ही माणसे विजापूरच्या बांधकामांवर शिकलेली असणार. कोकणच्या जांभ्यावर शिकलेल्या हाताला इतकी बारीक कड जमणार नाही, जांभा ती धरीतच नाही.

मशिदीची दंतकथा गॅझेटियरने जशी ऐकली तशी छापली आहे. विजापूरची आयेशाबीबी नावाची शहजादी मोठा लवाजमा आणि अपार द्रव्य घेऊन मक्केला जाण्यासाठी दाभोळास आली. समुद्र चाच्यांमुळे धोक्याचा आहे असे कळल्याने तिने बेत रद्द केला. मग जे द्रव्य यात्रेसाठी काढले ते परत नेणे योग्य नव्हे असे मौलवींनी सांगितल्यावरून तिने ही मशीद बांधली, ती चार वर्षांत १६५९ साली पुरी झाली, आणि तिचा शिल्पकार कामिलखान होता. घुमटाला सोन्याचा मुलामा आणि शिखरावर सोन्याची चंद्रकोर होती, असेही सांगतात. खर्चासाठी भोपण, सरल, इसापूर आदी आठ गावे लावून दिली. स्थानिक लोक तिला माँसाहेबाची मशीद म्हणतात, तर अलीकडे प्रवासी तिला अंडा मशीद या नावाने ओळखू लागले आहेत.

या दंतकथेत ऐतिहासिक शहजादी शोधत बसण्यात अर्थ नाही. परंतु तिच्यात समुद्राबद्दल जे सांगितले आहे ते अगदी खरे आहे. राजघराण्यातील स्त्रीला स्वतःच्या राज्याच्या बंदरातून मक्केला जाणे असुरक्षित वाटावे, ही एका सुलतानीची केवढी नामुष्की! आणि प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. महमद आदिलशाहाची बेगम बडी साहेबा ही १६६१ मध्ये खरोखरच हजला निघाली तेव्हा ती दाभोळहून निघाली नाही. ती वेंगुर्ल्याहून डच कंपनीच्या जहाजातून गेली. विजापूरची राणी परक्यांच्या जहाजावर, आणि दाभोळला मात्र नवी कोरी मशीद, असा हा योग आहे.

आता १६५९ या सालाकडे पाहावे. मशिदीचा कळस चढला त्याच वर्षाच्या अखेरीस प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. दाभोळ बंदरात खानाची जहाजे उभी होती, कारण विजापूरचे थोर सरदार हे थोर व्यापारीही असत. ती जहाजे दाभोळच्या अंमलदाराने घाईने राजापुराकडे पळविली, आणि त्यांच्या मागावर मराठी फौज जानेवारी १६६० मध्ये राजापूरपर्यंत गेली, त्यावरूनच इंग्रजांशी पहिली कटकट झाली. पुढच्याच वर्षी महाराजांनी स्वतः कोकण स्वारी केली. दाभोळ, संगमेश्वर, राजापूर हा सारा किनारा स्वराज्यात आला. मशिदीला लावून दिलेल्या गावांची इनामे या घडामोडीत बंद झाली असे गॅझेटियर म्हणते. शिवकालीन कारभारात दर्गे-मशिदींची जुनी इनामे पुष्कळ ठिकाणी चालू ठेवल्याच्या सनदा उपलब्ध आहेत, त्यामुळे या विधानाकडे जरा सावधपणे पाहावे. पण अवघ्या दोन वर्षांच्या दानपत्राला, ज्याची मुळे अजून जमिनीत धरलीही नव्हती, जुन्या वतनाची प्रतिष्ठा मिळाली नसेल हेही शक्य आहे. एवढे खरे की, सोन्याने मढविलेली ही इमारत ज्या राजवटीच्या वैभवाचे प्रतीक म्हणून उभारली गेली, ती राजवट तिला नमाजाची पुरती सवय होण्याआधीच त्या किनाऱ्यावरून उठली.

मराठी अंमलात दाभोळ नाहीसे झाले नाही. ते दप्तरात गेले. सुभा, मामला, तर्फ, हवालदार, मुजुमदार या शब्दांनीच नवा कारभार चालला, 'मामले दाभोळ' ही संज्ञा मराठी कागदांतून फिरत राहिली, आणि गावकऱ्याच्या दृष्टीने सारा वसूल करणाराचा पागोटा बदलला. व्यापार मात्र परतला नाही. मराठी घोडदळ भीमथडीच्या तट्टांवर चालले, अरबी घोड्यांवर नव्हे. बिदर आधीच निस्तेज झाले होते, आणि १६८६ मध्ये विजापूरही औरंगजेबाने घेतले. कुंभार्ली घाटाच्या पलीकडे ज्यासाठी तांडे जावेत असे एकही दरबारी शहर राहिले नाही. उत्तरेला मुंबई वाढू लागली तिने उरलेसुरले दर्यावर्दी ओढून घेतले. दाभोळ आणि आसपासच्या गावांतील खलाशी पुढे इंग्रजी आगबोटींच्या भट्ट्यांपाशी आणि डेकवर दिसू लागले, आणि त्यांच्या नातवंडांनी आखाती देशांची वाट धरली; सहाशे वर्षांपूर्वी घोडे ज्या बंदरांतून येत त्याच बाजूला आता दाभोळची माणसे पोटासाठी जातात.

दाभोळला गेलेल्याने टेकडीतील चंडिकेचे देऊळही पाहावे. ते एका अखंड खडकात कोरलेले आहे, आत शिरताना वाकावे लागते, आणि आत विजेचा दिवा लावीत नाहीत. समईच्या उजेडात डोळे सरावले की मग मूर्ती दिसते. गावातील मुसलमान आणि हिंदू वस्ती एकाच उतारावर, एकमेकांच्या परड्यांना लागून आहे, आणि शाही मशिदीचा व चंडिकेचा रस्ता विचारला तर सांगणारा कोणत्याही समाजाचा असो, दोन्ही वाटा तितक्याच बिनचूक सांगतो.

दक्षिण तीरावर, अंजनवेल आणि वेलदूर यांच्या मधल्या सड्यावर, विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी भांडवलाने एक मोठा वीज प्रकल्प आला, आणि त्याने आपले नाव मात्र समोरच्या तीरावरून घेतले : दाभोळ पॉवर कंपनी. १९९९ मध्ये वीज निघू लागली, दराच्या तंट्याने २००१ मध्ये ती बंद पडली, आणि प्रकल्प काही वर्षे तसाच उभा राहून पुढे सरकारी कंपन्यांनी तो चालवावयास घेतला. फेरीबोटीतून त्याच्या चिमण्या दिसतात. मुंबईच्या आणि परदेशच्या वर्तमानपत्रांनी त्या काळी 'दाभोळ' हा शब्द जितक्या वेळा छापला असेल तितका तो आदिलशाहीपासून कोणी उच्चारला नसेल. आणि त्या साऱ्या वादात उत्तर तीरावरच्या मूळ दाभोळचा संबंध एवढाच होता की, कंपनीला नकाशावर एक ओळखीचे नाव हवे होते.